दुसरे पॅनेल पाठवण्याआधी

गोव्यातील शाळांसाठी डिजिटल शिक्षणाचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी ३३ वर्षे शिकवले. शेवटची ११ वर्षे मुख्याध्यापिका होते, म्हणजे शिकवण्याबरोबर कपाटाच्या किल्ल्याही माझ्याच पदराला होत्या. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. आता नातू त्याच शाळेत तिसरीत आहे, आणि त्याच्या बाईंना हातभार म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी वर्गात जाऊन बसते. एकशिक्षकी शाळा. एक खोली, चार इयत्ता, २१ मुले, एक बाई.

या खोलीच्या भिंतीवर ६५ इंची पॅनेल, म्हणजे शिकवायचा मोठा डिजिटल पडदा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गडगडाट झाला, दिवे दोनदा गेले-आले आणि यूपीएसमधून जळका वास सुटला. त्या दिवसापासून पॅनेल बंद आहे. धूळ बसू नये म्हणून पोषण आहार वाढणाऱ्या ताईंनी त्यावर जुनी साडी टाकली आहे, आणि साडीवर सुतळीने बाराखडीचा तक्ता टांगला आहे. जागा उजेडाची आहे, तक्ता सगळ्यांना छान दिसतो.

गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आनंदाची बातमी म्हणून फोन आला, की शाळेला आणखी एक पॅनेल मंजूर झाले आहे, पहिल्यापेक्षा मोठे. भिंतीचे माप कळवा. बाईंनी टेप लावून माप कळवले. पहिल्या पॅनेलचे काय, असे विचारले तर उत्तर मिळाले, "तो विषय वेगळा."

तो विषय वेगळा नाही, हे सांगायला हे पत्र.

आधीच सांगते, म्हातारीला यंत्राचे वावडे आहे असा समज करून घेऊ नका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या वाड्यावर रेंज मिळायची ती फक्त देवळामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर. मोठी मुले छत्र्या घेऊन तिथे बसत. पहिली-दुसरीच्या पोरांना पावसात सड्यावर कोण पाठवणार? व्हिडिओचे वर्ग आम्हाला झेपणारे नव्हतेच. मग मी व्हॉट्सॲपवर एकेका मिनिटाचे आवाज पाठवू लागले. एक गोष्ट, एक कविता, दोन गणिते. आवाज हलका, कमी रेंजमध्येही रांगत रांगत पोचतो. बाप संध्याकाळी सातला कामावरून आला की घरात फोन येई, मग मूल पुस्तकातला एक उतारा वाचून मला परत पाठवी. रात्री भांडी आवरली की मी ते ऐकत बसे.

वर्गात इतकी वर्षे जे ऐकू आले नव्हते, ते तेव्हा ऐकू आले. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी घरी पानभर न अडखळता वाचत होती. आणि सर्वांत मोठ्या आवाजात 'वाचणारा' एक मुलगा मुळी वाचतच नव्हता. चित्र पाहून आणि शेजारच्याचे पाठ करून तो वाक्ये जुळवत होता. उतारा बदलून पाठवला तेव्हा पकडला गेला. दुसरी सरत आली होती आणि त्याला जोडाक्षरे येत नव्हती. पुढचे तीन महिने मी त्याला रोज जोडाक्षरांच्याच गोष्टी पाठवल्या. डिजिटल तंत्रज्ञानाने शिकवणे सुधारते म्हणजे काय, हे मला त्या फोनवर समजले. खर्च शून्य होता, म्हणून त्याचे उद्घाटन झाले नाही.

पॅनेल चालू होते तेव्हाचाही एक दिवस सांगते. चौथीला नद्या शिकवायच्या होत्या. बाईंनी आदल्या रात्री घरी उपग्रहाचे नकाशे उतरवून पेन ड्राइव्हवर आणले. आधी दिसले शाळेचे छप्पर, मग रस्ता, मग झाडीतून जाणारी हिरवट रेघ. एक पोर ओरडले, "बाई, ही आमची न्हंय!" तिथून म्हादई वरच्या बाजूने कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यापर्यंत नेली आणि खालच्या बाजूने मांडवी होऊन पणजीला समुद्रात सोडली. मग बाईंनी पॅनेल बंद केले आणि मुलांनी तीच नदी रांगोळीने जमिनीवर काढली. पडदा चालू होता १२ मिनिटे, रांगोळी चालली दीड तास. त्या दिवशी यंत्राने आपले काम केले, कारण काय शिकवायचे ते आधी ठरले होते.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी: आपल्याकडे वस्तू आधी येते आणि तिचे करायचे काय हे नंतर शोधले जाते. ही आजची खोड नाही. २००२ साली सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळू लागले. हेतू मोठा होता, आणि त्या संगणकांवर शिकून पुढे गेलेली मुले मला ठाऊक आहेत. पण शेजारच्या घरातला संगणक वर्षभर भरतकामाच्या रुमालाखाली टीव्हीशेजारी बसून होता, हेही मी पाहिले. पुढे शाळकरी मुलांना टॅब्लेट मिळाले. त्यांचे चार्जर कुठे गेले हे कोणत्याही आईला विचारा.

हे गोव्यातच घडते असेही नाही. पेरू देशाने गावोगावच्या प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की गणितात आणि भाषेत काहीही फरक पडलेला नाही. याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातले. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क या संगणकीय साधनावर बसवले. साडेचार महिन्यांत ती गणितात आणि हिंदीत इतर मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. २०१९ मध्ये हा अभ्यास छापून आला. तिथली सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच वर्षे मागे होती. त्यांच्यापुढे सहावीचा धडा ठेवला नाही. ज्याला तिसरीचे येत नव्हते त्याला तिसरीचे दिले. दीड तासातला निम्मा वेळ संगणकावर जाई आणि निम्मा वेळ १२-१५ मुलांच्या गटाला एक माणूस घेऊन बसे. यातला माणूस आणि पातळी हे दोन्ही शब्द आमच्या पॅनेलबरोबर आलेल्या खोक्यात नव्हते. खोक्यात होते दोन पेन, एक रिमोट आणि कंपनीच्या नावाचे एक कॅलेंडर.

दुसरी तक्रार भाषेची. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पणजीत बसून ती दिसत नाही.

पॅनेलमध्ये गणिताचे जे ॲप भरून आले होते त्यात भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी. आकडे सगळे इंग्रजी. पहिलीतली एक मुलगी पुढे आली. पडद्यावर गणित होते नऊ वजा आठ, इंग्रजी आकड्यांत. ती बोट तोंडात घालून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "अगं सोपं आहे." पडद्यावर वेळ संपत आली, ट्यूं ट्यूं वाजू लागले. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, एकातून चार कसे जातील?"

मी मागे बसले होते. तिचे म्हणणे उमगायला मलाही क्षण लागला. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ जवळपास सारखे दिसतात. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांचेही तसेच. पोरीने वाचले होते १ वजा ४, आणि तिचे उत्तर अगदी बरोबर होते. यंत्राने तिला चूक ठरवले, तोंड पाडलेला पिवळा चेहरा दाखवला आणि पुढच्या मुलाला बोलावले. त्यानंतर महिनाभर ती पॅनेलसमोर गेली नाही.

मराठी पहिलीला ३३ वर्षे शिकवलेल्या कोणत्याही बाईने हे ॲप दहा मिनिटे पाहिले असते तर ही गोष्ट सांगितली असती. तिला दाखवले नाही. शाळेत आम्ही 'हातचा घ्या' म्हणतो, घरी मुले कोकणीत बोलतात, आणि पडद्यावरची बाई 'बॉरो' करायला सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. भाषेवरून तर या राज्यात काय काय झाले! १९८७ चा राजभाषा कायदा झाला, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून माणसे रस्त्यावर उतरली, मराठीवाले आणि कोकणीवाले एका मंचावर आले. आणि भिंतीवरचे पॅनेल कोणत्या भाषेत बोलणार हे ठरले तेव्हा कोणी कोणाला विचारलेसुद्धा नाही.

तिसरी तक्रार एकशिक्षकी शाळांची. मोठा पडदा एका वर्गासाठी बनवलेला असतो, आमच्या खोलीत चार वर्ग आहेत. चौथीसाठी काही लावले की पहिलीची पोरे पेन्सिल टाकून तिकडेच पाहतात. चूक त्यांची नाही, हलणारे चित्र कोण सोडेल? म्हणजे चौघांपैकी एका वर्गाला शिकवताना बाकी तिघांचा अभ्यास थांबतो. अशा खोलीत ६५ इंचांचा पडदा वाढवून ७५ इंचांचा केला तर गोंधळही दहा इंचांनी वाढेल. आम्हाला चार-पाच छोटे टॅब, कानाला लावायची साधी यंत्रे आणि त्यात भरलेल्या मराठी-कोकणी गोष्टी व गणिते चालली असती. बाई पहिलीजवळ बसल्या असताना तिसरीने आपले आपण ऐकावे, सोडवावे. पण 'तुम्हाला काय हवे' असा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता. होता तो 'भिंतीची रुंदी' एवढाच. आणि खरे म्हणजे सर्वांत आधी हवी होती ती दुसरी बाई.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. सत्तरीत पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. फांदी तारेवर पडली की वीज सकाळी जाते ती संध्याकाळी येते, कधी दुसऱ्या दिवशी. यूपीएसच्या बॅटरीला दोन पावसाळे म्हणजे पुष्कळ झाले. बाईंनी टोल फ्री नंबरवर नऊ वेळा फोन केला. दरवेळी तक्रारीचा नवा क्रमांक मिळाला आणि दरवेळी 'आपली तक्रार निकालात काढण्यात आली आहे' असा संदेश आला. बॅटरी बदलायचे पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हे कोणाला ठाऊक नाही, कारण पॅनेल एका योजनेतले, यूपीएस दुसऱ्या योजनेतला आणि वायरिंग पालक-शिक्षक संघाने वर्गणी काढून केलेले. इंटरनेटची फायबर पंचायतीपर्यंत आली आहे. पंचायत शाळेपासून दीड किलोमीटरवर आहे.

प्रशिक्षणही झाले. एक दिवस, शहरातल्या एसी सभागृहात, मधल्या वेळेत सामोसा. कंपनीच्या मुलाने पेनाचे रंग कसे बदलायचे आणि पडद्यावर फुगे कसे उडवायचे ते दाखवले. आमच्या बाईंनी उभे राहून विचारले, चार वर्ग एका खोलीत असतील तर काय करायचे? तो म्हणाला, "मॅडम, ते सगळं ॲपमध्ये आहे." मुलगा भला होता, त्याला दोष देत नाही. पण पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून इतकी वर्षे झाली, आणि सरकारच्याच 'दीक्षा' या शिक्षणाच्या ॲपमध्ये धडा घरून उतरवून ठेवता येतो, मग वर्गात इंटरनेट लागत नाही, ही साधी गोष्ट त्या दिवशी कोणी सांगितली नाही. बाईंना ती माझ्या भाच्याने सांगितली. वरच्या वर्गांचे त्या मानाने बरे आहे. २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आली तेव्हा संगणक शिक्षकांना तयार करणे हा तिचाच भाग होता. म्हणजे करायचे ठरवले तर होते. प्राथमिकच्या वाट्याला मात्र फुगे आले.

शेवटची तक्रार फोटोंची. पॅनेल चालू होते तेव्हा 'वापर सुरू आहे' याचा रोजचा एक फोटो ग्रुपवर टाकावा लागे. मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत, पडदा उजळ दिसला पाहिजे. रेंज नसली की बाई शाळा सुटल्यावर सड्यावर चढून फोटो टाकत. त्याच सड्यावरून पोषण आहाराचे आकडे, हजेरी आणि यू-डायसची, म्हणजे सरकारी शाळा-नोंदणीची, माहितीही जाते. आमच्या शाळेत पूर्णपणे डिजिटल काही झाले असेल तर ती बाईंची संध्याकाळ. पॅनेल बंद पडल्यावर दोन आठवडे जुनेच फोटो फिरवून टाकले गेले, असे मी ऐकले. कोणी टाकले ते विचारू नका. वरून प्रत्येक फोटोला अंगठा आला.

आणि त्या फोटोंत माझा नातू आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्यातल्या सवलती आणि अपवादांचा कीस वकिलांनी काढावा. मी आजी म्हणून विचारते, की १८० माणसांच्या ग्रुपवर आमच्या पोरांचे चेहरे रोज कशासाठी फिरत होते?

माझ्या मागण्या अशा आहेत.

आमच्या शाळेचे दुसरे पॅनेल रद्द करा आणि त्या पैशांतून पहिले चालू करा. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते बाईंना विचारा, त्यांच्याकडे यादी तयार आहे.

यापुढे कोणत्याही शाळेला यंत्र देण्याआधी शिक्षकाकडून एक पान लिहून घ्या: कोणती इयत्ता, कोणता धडा, आज कुठे अडते, यंत्राने काय होईल. ते पान कोरे आले तर यंत्र पाठवू नका.

प्राथमिकसाठी मराठी आणि कोकणी साहित्य गोव्यातल्या शिक्षकांकडूनच करून घ्या, देवनागरी आकड्यांसह आणि इंटरनेटशिवाय चालणारे. ते काम सुट्टीच्या दिवशी फुकटात नको. शिक्षकांना त्यासाठी शाळेच्या कामातून मोकळे करा आणि त्यांच्या जागी माणूस द्या. पहिलीत आकडे ओळखायला शिकवताना मराठी आणि इंग्रजी आकड्यांची गल्लत कुठे होते, हे सांगायला मी पदरचे बसभाडे घालून येईन.

प्रत्येक तालुक्यात एक तंत्रज्ञ नेमा, त्याचा मोबाइल नंबर शाळेच्या दारावर लिहा आणि दुरुस्तीला सात दिवसांची मुदत ठेवा. खरेदीच्या वेळीच पाच वर्षांच्या बॅटऱ्यांचे पैसे बाजूला काढा. तक्रार मिटली की नाही हे शिक्षक सांगेल, कंपनी नव्हे.

प्रशिक्षण शाळेत द्या, मुले समोर असताना. यंत्र चांगले वापरणारी शिक्षिका शेजारच्या शाळेत महिन्यातून एकदा दिवसभर बसली तर सभागृहातल्या दहा कार्यक्रमांपेक्षा जास्त काम होईल.

रोजचे फोटो बंद करा. वापर पाहायचा असेल तर वर्गात येऊन पाहा.

आणि तालुकावार यादी जाहीर करा: किती शाळांत पॅनेल आहेत, त्यांतली आज किती चालू आहेत, बंद असलेली कधीपासून बंद आहेत. ही यादी करायला एक सकाळ पुरेल. प्रत्येक मुख्याध्यापकाला एक फोन.

आमच्या शाळेत यायचे असेल तर सोमवार किंवा गुरुवार बरा, त्या दिवशी मीही असते. वाळपईहून बस आहे. कृपा करून आधी कळवू नका. कळवलेत तर भिंतीला रंग दिला जाईल, तक्ता उतरवला जाईल आणि साडी धुऊन वाळत टाकली जाईल, मग तुम्हाला काहीच दिसणार नाही.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त मुख्याध्यापिका

ता. क. हे पत्र लिहून ठेवले आणि दोनच दिवसांनी बॅटरी बदलायला माणूस आला. पाहिल्याबरोबर म्हणाला, ही वेगळ्या मापाची लागते. बाईंची सही घेऊन परत गेला. संध्याकाळी बाईंच्या फोनवर संदेश आला, तक्रार निकालात काढण्यात आली आहे.